सपाटीवरचं घर

घर घ्यायचं ठरलं तेव्हा घरात जो तो आपापलं बघत होता. मुलगा हायवेवरच्या कंपनीत कायम झाला होता. त्याला कंपनीची बस थांबते तिथून जवळ जागा हवी होती. सुनेला दारात नळ हवा होता आणि नातीला चालत जाता येईल अशी शाळा. मला एवढंच बघायचं होतं की आमचे मालक त्या घरातून एकटे बाहेर पडतील का आणि एकटे परत येतील का. त्यांना दिसत नाही.

काचबिंदूनं डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. आधी एक गेला, तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दुसरा जायला लागला तेव्हा पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तरी आमच्या डोंगरातल्या गावात, पासलीत, त्यांचं काही अडलं नाही. सकाळी चहा झाला की काठी घेऊन निघायचे. वर देवळापाशी बसायचे, तिथून रस्त्याच्या दुकानावर जायचे, दुपारी खाली भाताच्या खाचराकडं. आंधळा माणूस खाचराचं पाणी बघायला जातो याचं पाहुण्यांना नवल वाटायचं. आम्हाला वाटायचं नाही. कुणी हात धरायला गेलं की झटकून टाकायचे.

"म्या काय नवरी हाय व्हय, हाताला धरून न्यायला?" म्हणायचे.

आम्ही दोघंच गावात राहू, असं मी मुलाला एकदा म्हणून बघितलं. तो म्हणाला, "आये, देवळापातूर चालून दाव, मग बोल." गुडघे माझे खरंच गेले आहेत. पाणी हापशावरून आणायचं, पावसाळ्यात दरड आली की एसटी बंद, त्यात ह्यांना काही झालं तर मी काय करणार होते? शेत चुलत दिराला वाट्यानं दिलं.

पहिली जागा बघितली ती हायवेला लागून, कापूरहोळच्या अलीकडं. मोठी इमारत, चौथा मजला. लिफ्टमधून बाहेर आल्यावर मालक भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"आता आपुन हाय कुठं?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर, आबा," मुलगा म्हणाला.

"आन् रस्ता?"

"खाली."

"मग म्या खाली जायाचं कसं?"

"बटन दाबायचं. सोपं हाय."

त्यांनी लिफ्टच्या बटनांवरून हात फिरवला. सगळी एकसारखी लागली. "कुठलं?" म्हणाले. सून आतमध्ये नळ सोडून बघत होती, धार चांगली जाड होती. ती जागा तिला फार आवडली होती, पण बाहेर येऊन सासऱ्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "नको, मामांना जमायचं न्हाई." चांगल्या मनाची आहे. त्या जागेचा विषय तिथंच संपला.

दुसरी जागा भोर गावातली. नदीकडं उतरत जाणारी एक बोळ आहे, तिच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं जुनं घर. मालकीण माझ्याच वयाची मुसलमान बाई, एकटी. लेकीकडं कराडला राहायला जायची होती म्हणून घर विकत होती. आम्हाला बसवलं, चहा ठेवला. मुलगा आणि सून कौलं बघत होते, भिंतीची ओल बघत होते. बाई मला म्हणाली, "बघायचं ते आज बघून घ्या. पावसाळ्यात ह्या कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागतं. नंतर मला शिव्या नकोत." मला तिचं बोलणं आवडलं.

चहा आला तेव्हा मालक जागेवर नव्हते.

सगळे बाहेर धावलो. बोळ सरळ नाही, वळत वळत खाली जाते, मधे दगडी पायऱ्या आहेत, त्याही झिजलेल्या. मुलगा पळत खाली गेला. मी भिंत धरून निम्म्यापर्यंत पोचले. आमचे मालक तळाशी नदीच्या कट्ट्यावर बसलेले होते, शेजारी कुणीतरी विडी ओढत होता, त्याच्याशी भातावरच्या रोगाचं बोलत होते.

"आबा, पडला असता की," मुलगा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"का पडंन? तू पडलास का?"

वर येताना ते आमच्या पुढं होते. बाई दारात उभी होती. ती मला म्हणाली, "मी रोज भिंत धरून उतरते ओ. तुमचे मालक आंधळे का मी?" मालक हसले. मुलगा हसला नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "आंधळ्या माणसाला असल्या उतारावर ठेवायचं म्हंजे आपुनच ढकलून दिल्यागत हाय." सून म्हणाली, खरं आहे. मलाही ते खरंच वाटलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "तुमाला पटंल ते घ्या. म्या काय, कुठंबी राहीन." त्यांचं हे असंच. आपल्याला काय पाहिजे ते कधी तोंडानं सांगायचे नाहीत.

तिसरी जागा भोरजवळ उत्रोलीत मिळाली. पूर्वी तिथं भाताची शेतं होती, आता भर टाकून प्लॉट पाडलेत आणि एका ओळीत एकसारखी घरं बांधलीत. पुढं सिमेंटचा रस्ता, सरळ. एजंट पोरगेला होता, पांढरे बूट घालून आला होता. त्यानं मालकांना हाताला धरून रस्त्यावर नेलं.

"बाबा, चालून बघा. टेबलासारखं सपाट. एक खड्डा घावला तर बोला."

मालक रस्त्यावर जाऊन आले. काठी आपटून बघितली. म्हणाले, "व्हय. सपाट हाय. ठेच लागायची न्हाई." कंपनीची बस जवळच थांबत होती, शाळा चालण्यासारखी होती, नळ दारात. सगळ्यांना पटलं. डोंगरातल्या माणसाला सपाट जागा म्हणजे सुख वाटतं. आयुष्यभर डोक्यावर ओझं घेऊन चढ चढलेली माणसं आम्ही, सपाट म्हटल्यावर पुढचं कोण बघतो? मुलानं कर्ज काढून घर घेतलं.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मालक सकाळी काठी घेऊन निघाले. मी म्हटलं जाऊ दे. बऱ्याच वेळानं पलीकडून बाईच्या ओरडण्याचा आवाज आला. मालक तिसऱ्या घरात जाऊन पलंगावर बसले होते आणि चहा टाक म्हणत होते. त्या घरातली बाई नुकती न्हाऊन आलेली. तिचा नवरा भला माणूस, रागावला नाही. मला म्हणाला, "आजी, चहा काय, जेवण पण देतो. फक्त आजोबांना सांगा, हे घर माझ्या बायकोचं आहे." सगळे हसले. मालकसुद्धा हसले, पण घरी आले तेव्हा तोंड पडलेलं होतं.

नंतर दुसऱ्यांदा गेले ते फाट्याकडच्या रस्त्यावर सापडले. रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि एक टेम्पोवाला शिव्या देत होता. कुणीकडं जावं ते त्यांना कळत नव्हतं. नात शाळेतून येत होती, तिनं बघितलं म्हणून बरं. तिनं त्यांना घरी आणलं. आल्यावर त्यांनी काठी दाराच्या मागं ठेवली.

त्या संध्याकाळी मुलानं विचारलं, "आबा, गावात तुमी डोंगरात फिरत व्हता. हितं काय व्हतंय? एवढा चांगला रस्ता हाय."

त्यांनी अनवाणी पाऊल फरशीवर फिरवलं. मग म्हणाले, "हितं पायाला कायच कळंना. चढ न्हाई, उतार न्हाई. गावात चढ लागला का देऊळ. उतार लागला का खाचर. खाचरातनं येताना चवडा वर झाला का म्या समजायचो घराकडं निघालो. हितं चारी बाजूला सारकंच. म्या कुणीकडं तोंड करून उभा हाय त्ये बी कळत न्हाई."

मी तिथंच भाजी निवडत होते. तेव्हा मला कळलं. आमच्या गावात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. वरल्या अंगाला, खालच्या अंगाला, असंच बोलतात. घर कुठं, तर वर. विहीर कुठं, तर खाली. दिसणाऱ्याचंही तसंच आणि न दिसणाऱ्याचंही तसंच. आम्ही सगळे त्या उतारावर वाढलो आणि त्या उताराचा उपयोग काय हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. नाहीतर त्या एजंटला सपाट आहे, बरं आहे, असं कशाला म्हणाले असते?

सून म्हणाली, "मामा, पावलं मोजत जावा. फाटकापासनं रस्ता, रस्त्यापासनं वळण."

"म्या काय जमीन मोजणीवाला हाय का? मधी कुणी रामराम घातला का आकडा इसरला."

मुलानं फाटकाला नायलॉनची दोरी बांधली, तिला मधे मधे गाठी मारल्या आणि ती विजेच्या खांबापर्यंत नेली. दोन दिवसांत शेजारच्यांची गाडी आत-बाहेर करताना अडकायला लागली, सोडावी लागली. मग फाटकाला देवळातल्यासारखी घंटी लावली, वारा आला की वाजेल म्हणून. वारा आला की ओळीतल्या सगळ्या घरांना ऐकू जायची आणि वारा नसला की मालकांना काही उपयोग नाही. मालक म्हणाले, "दावं बांधलं, घंटी बांधली. आता पेंड घाल." मुलगा उठून बाहेर गेला. त्याला ते लागलं. तो तरी काय करणार? सकाळी अंधारात कामाला जातो, आल्यावर दोरीला गाठी मारत बसतो.

मग एका रविवारी मुलगा मला म्हणाला, "आये, चल." मला गाडीवर बसवून भोरला नेलं, त्या बोळीत. त्याच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं. घराला नवीन पत्रे चढलेले होते. कौलं खाली रचून ठेवली होती. दारात एक तरुण माणूस खिडकीला रंग देत होता. मुलगा त्याला म्हणाला, "हितल्या बाई कुठं गेल्या?"

"कराडला. घर आम्ही घेतलं ना. का हो, नातेवाईक का?"

"न्हाई. आमी बी बघून गेलो व्हतो."

"मग घ्यायचं होतं की. चांगलं घर आहे," तो म्हणाला आणि परत रंग द्यायला लागला.

मुलगा गाडीवर बसला, पण गाडी चालू करेना. मी मागं बसून होते. बोळीतून दोन बायका धुणं घेऊन वर आल्या, आम्हाला वळसा घालून गेल्या. मी म्हटलं, "दुसरं बघू हितं कुठं." तो म्हणाला, "कर्ज कोण फेडणार, आये? उत्रोलीचं घर इकलं तर जितकं घातलं तितकं बी येत न्हाई. पाचेक वर्षं थांबावं लागंल." पाच वर्षांचं गणित ज्याचं वय पुढं आहे त्यानं करावं.

भाताच्या लावणीला आम्ही पासलीला जाऊन आलो. आमचं बंद घर पावसात गळत होतं, म्हणून चुलत दिराच्या घरी उतरलो. सकाळी उठले तेव्हा मालक अंथरुणात नव्हते. मी शोधायला गेले नाही. दुपारी आले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. जाऊ म्हणाली, "भाऊजी, कुठं गेला व्हता?" ते म्हणाले, "खाली." जेवले आणि परत गेले. तीन दिवस तसंच चाललं. मी मुलाला फोनवर म्हटलं, ह्यांना इथंच ठेवते. तो म्हणाला, "काकाच्या घरात किती दिस ठिवशील? त्यास्नी बी त्यांची माणसं हायती." ते खरं होतं. जावेनं तोपर्यंत दोनदा विचारून झालं होतं, एसटी कधीची आहे म्हणून.

आता आम्ही उत्रोलीत आहोत. सुनेला भोरमध्ये एका दुकानात काम लागलंय, नात शाळेत पहिल्या पाचात आली, मुलाची झोप वाढली. घरानं त्यांचं बरं केलं, ते मी नाकारत नाही. मालक दारातल्या खुर्चीवर बसतात. ऊन आलं की खुर्ची आत घेतो, ऊन गेलं की बाहेर काढतो. तिसऱ्या घरातला माणूस कधी कधी येऊन त्यांना फाट्यापर्यंत फिरवून आणतो. ते जातात, पण त्यांना आवडत नाही. त्याचा हात घट्ट धरतात.

मी दळण घेऊन निघाले की ते विचारतात, "कुठं निघालीस?"

संसाराला इतकी वर्षं झाली, हा माणूस मला असं कधी विचारत नव्हता. मी कुठं जाते, कधी येते, त्याला पडलेली नव्हती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दारातच थांबले.

"गिरणीत," मी म्हणते.

"कुणीकडं हाय गिरण?"

मी सांगते, रस्त्यानं सरळ, मग वळायचं. ते ऐकतात आणि मान हलवतात, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. मग विचारतात, "किती येळ लागंल?" मी सांगते, लगेच येते. ते माझ्या पावलांचा कानोसा घेत बसतात, म्हणून पीठ होईपर्यंत मी तिथं थांबत नाही, डबा ठेवून परत येते आणि नंतर पुन्हा आणायला जाते. माझे गुडघे त्यानं जास्त दुखतात. पण दुसरं मला काही सुचलेलं नाही.