परकी ठरलेली कोसंबरी

मुलांनो, अण्णाआजोबांचे रोजचे शब्द का थांबले, ते आमच्यावर रागावलेत का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नंतर कारण कळलं आणि मी इतकी चिडले की तुम्हाला धड सांगता आलं नाही. म्हणून आता नीट लिहिते.

माझे हे थोरले भाऊ इथे बेंगळुरातच, के. आर. पुरमला राहतात. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांच्या गप्पा मेलवरच. आपल्या घरात बोलला जाणारा एकेक शब्द घेऊन ते आपल्या मराठी मंडळाच्या मेल-यादीवर, म्हणजे सभासदांना आणि तुम्हाला, रोज चार ओळी लिहीत. नोकरीत मी मेल सर्व्हर सांभाळण्याचंच काम केलं असल्यामुळे मंडळाचाही मीच सांभाळायची. यंदा नव्या कमिटीने 'सुरक्षिततेसाठी' तो एका कंपनीकडे सोपवला. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघण्याची मुभा तेवढी मला राहिली.

तुमचा फोन ठेवून लॉग उघडला. तेव्हापासूनचा अण्णांचा प्रत्येक मेल सर्व्हरने 'मिळाला' म्हणून घेतला होता आणि 'परकी लिपी' असा शेरा मारून गुपचूप वेगळ्या कप्प्यात टाकला होता. अण्णांना कळवलं नाही, सभासदांनाही नाही. मेल नको असेल तर दारातच नाकारा, म्हणजे पाठवणाऱ्याला कारणासकट ते कळतं. घ्यायचा आणि गिळायचा, हा कसला बंदोबस्त? बँकेच्या नावाने येणारे खोटे मेल मीही वर्षानुवर्षं परतवले. पण ते पत्ता आणि सही तपासून. लिपी बघून नव्हे!

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"आंटी, देवनागरी म्हणजे फॉरेन लँग्वेज. सिस्टम स्पॅम समजते. डिफॉल्ट सेटिंग आहे."

"आणि कन्नड?"

"तेही फॉरेनच."

"बेंगळुरात बसून कन्नड फॉरेन? सकाळची कॉफी कुठल्या भाषेत मागता हो तुम्ही?"

तो हसला. मी हसले नाही. "नियम आत्ता काढा. मी फोन धरून आहे."

नियम निघाला. अडकलेलं सगळं मी त्याच्याकडूनच सोडवून घेतलं आणि अण्णांकडे गेले. मला ते अजून तंगीच म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

"कुणी उत्तरच देईना, तंगी. म्हटलं, लोकांना कंटाळा आला असेल. सरी, ठीक आहे, बास केलं."

त्यांचा शेवटचा शब्द होता 'कोसंबरी', म्हणजे इकडची मुगाची डाळ घातलेली कोशिंबीर. पुण्याच्या कोशिंबिरीत मुगाची डाळ नसते, म्हणून ती अर्धवट, असा निकालच त्यांनी दिला होता. यावर तरी कुणी भांडायला येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस भांडणाची वाट बघत बसला, आणि एका सेटिंगने त्याला गप्प केलं.

आता मंडळातल्या, पुण्याहून इथे आलेल्या सुना तावातावाने उत्तरं पाठवताहेत. अण्णा ती वाचतात. नवा शब्द त्यांनी अजून लिहिलेला नाही. कमिटीशी भांडून सर्व्हर कंपनीकडून काढून मी परत माझ्याकडे घेतला आहे. त्यावर अण्णांचे सगळे शब्द आहेत, देवनागरीतच.