सिनेमातली बायको लवकर मरते

ह्यांचा आवडता सिनेमा टीव्हीवर लागला की आमच्या घरचा दुपारचा चहा गार होतो. मारधाडीचा सिनेमा आहे. एक लाचखाऊ इन्स्पेक्टर असतो, त्याच्यामुळे एका निष्पाप माणसाचा जीव जातो, मग गुंड ह्याच्याच बायकोला उडवतात आणि हा सुधारतो. सुधारतो म्हणजे काय, तर पस्तीस-चाळीस माणसं लोळवतो, अंगावर गोळ्या झेलतो आणि शेवटी भर कोर्टात गुडघे टेकून लांबलचक भाषण ठोकतो. भाषण सुरू झालं की हे बनियनच्या टोकाने डोळे पुसतात. दर वेळी! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ती बायको बिचारी पहिल्या दहा मिनिटांतच मरते. बरोबरच आहे म्हणा. जिवंत राहिली असती तर आज भाजी कोणती करू म्हणून विचारत बसली असती, आणि ह्या बाबाला पश्चात्ताप करायला फुरसत मिळाली नसती.

मी जिवंत आहे. गडचिरोलीत वस्तीच्या टोकाला आमचं लहानसं घर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते, हे पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे दिवसभर फिर्यादी, जबान्या, पंचनामे लिहिणारे हवालदार. आता दोघेही निवृत्त. मूलबाळ झालं नाही. दूधवाला सोडला तर आमच्या दाराची कडी कोणी वाजवत नाही. मीच कधीकधी दार उघडून उंबऱ्यात उभी राहते, आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका पदर सावरून दुसऱ्या बाजूने निघून जातात. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

माझं माहेर वैनगंगेकाठचं. आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. उन्हाळ्यात तलाव आटत आला की एक दिवस ठरवून सगळं गाव जाळी घेऊन उतरतं आणि निघालेल्या मासोळीचे पळसाच्या पानांवर वाटे लावतात, घरटी एक. शिवाय गावाबाहेर दिलेल्या लेकींचाही एकेक वाटा असतो. माझा वाटा माझा धाकटा भाऊ एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा. ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोहू, कधी मरळ. तो वाटा यायचा थांबला त्याला नऊ वर्षं झाली.

थांबला तो आमच्या करणीने. भाऊ गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता आणि एका ठेकेदाराला गावचा तलाव हवा होता. भाऊ ऐकेना. मग एके दिवशी भावाच्या घरामागे मोहाच्या दारूच्या कॅन सापडल्या. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पंचनामा लिहिला ह्यांनी. सख्ख्या मेहुण्याविरुद्ध! खोटा होता तो. मला कसं माहीत, ते सांगते, पण जरा थांबा. भाऊ जेलमध्ये असतानाच आमचा बाप गेला. मी मयतीला गेले तर मला कोणी पाण्याचा गडूसुद्धा दिला नाही. पुढे भाऊ कोर्टातून सुटला, खोट्या केसची गोष्ट आमच्या वस्तीतही पसरली, तलावही संस्थेला परत मिळाला. मला माहेर तेवढं परत मिळालं नाही.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा तो सिनेमा लागला, पुन्हा भाषण आलं, पुन्हा बनियन डोळ्यांना लागलं. मी उठले आणि बटण बंद केलं.

"इथी बसून काऊन रडून राह्यले? रडाचंच असन तं माह्या भावासमोर रडा."

चार दिवसांनी हे सकाळी उठले, दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि म्हणाले, "चाल. आज तुमच्या गावचा तलाव हाये ना?" कोणती साडी नेसू ते सुचेना, शेवटी होती तीच नेसून मोटारसायकलवर मागे बसले. वाटभर एकच घोकत होते, हे बोलतील, भाऊ ऐकेल, आणि मी बापाच्या घरी जाऊन मटक्यातलं पाणी पिईन. मला तेवढंच पाहिजे होतं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अख्खं गाव जमलं होतं. चिखलात पोरं, सुकत घातलेली जाळी, मासोळीचा वास. भाऊ उकिडवा बसून वाटे लावत होता. आम्हाला पाहून हात थांबले, बोलणी थांबली. हे सरळ त्याच्यासमोर गेले, चांगल्या पँटीने चिखलात गुडघे टेकले, हात जोडले, आणि तोंड उघडलं. तर काय निघावं? हिंदी! सिनेमातलं कोर्टातलं भाषण, शब्दन् शब्द. वर्दीवरचा डाग काय, खून के आँसू काय. वर्दी उतरवून तीन वर्षं झालेला माणूस! मागच्या पोरांनी ओळखलं, कोणी शिट्टी मारली, बाया पदरात तोंड लपवून हसल्या. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण खरं सांगते, मला त्यांची कीवही आली. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहिलेल्या माणसाला स्वतःची जबानी देता येत नव्हती.

भाऊ मात्र हसला नाही.

"उठा भाऊजी," तो म्हणाला. "हे मी मोबाईलवर पाह्यलं हाये. त्यातलं नका सांगू. कॅना कुठून आल्या होत्या, तेवढं सांगा या लोकाईले."

ह्यांचे ओठ हलले. "तू समजून घे ना राजा."

"मी तं केव्हाच समजलो. यायले सांगा."

हे उठले. गुडघ्यांचा चिखल न झटकता पाळीवरून उतरले आणि मोटारसायकलजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी तिथेच राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"कॅना आमच्या पोलीस क्वार्टरच्या पडवीत होत्या," मी म्हणाले. "दोन दिवस. त्यायच्यावर पोतं मीच टाकलं होतं. कोणासाठी हायेत, तेबी मले मालूम होतं."

नुसता धाक दाखवायचा आहे, आठ दिवसांत सुटेल, असं हे म्हणाले होते आणि मी ते मानून घेतलं होतं. पण हे मी तिथे सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

भाऊ उठला. माझ्यापेक्षा तो सहा वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊन ह्याच पाळीवर फिरवलेलं. त्याने हळूच विचारलं, "तवा काऊन नाई बोलली बाई?"

माझ्याकडे उत्तर होतं. रोज स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभं असतं ते.

"ठेकेदार फ्रीज देनार होता," मी म्हणाले. "मले पाह्यजे होता."

मी मान खाली घालून उभी होते, कुणीतरी चिखल फेकून मारेल असं वाटत होतं. भाऊ पुन्हा खाली बसला. बराच वेळ त्याने वाटे लावले. मग एका पानावर एक रोहू आणि थोडी बारीक मासोळी ठेवली, पान बांधलं आणि माझ्याकडे न बघता पुढे केलं.

"नेशीन तं ने. पण त्या फ्रीजमंदी ठेवजो नको."

घरी ये म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. पुडकं मी मांडीवर धरलं होतं, साडी पार भिजली. घरी आल्याबरोबर चूल पेटवली, मासोळी साफ केली आणि सगळीच्या सगळी शिजवली, उद्यासाठी ठेवायची सोयच नव्हती. दोन ताटं वाढली. ह्यांना दोनदा हाक मारली. आतून टीव्हीवरच्या गोळ्यांचे आवाज येत होते. मग मी एकटीच जेवायला बसले आणि काटे काढत काढत माझा वाटा खाल्ला.