बारशासाठी वळलेल्या वाती

देवाशी मी वर्षभर अबोला धरला होता. अबोला धरायलासुद्धा समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं, आणि तेवढं मी मानत होते. म्हणून स्वतःला नास्तिक मात्र कधी म्हणवून घेतलं नाही. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. आम्ही वर्ध्याकडचे. माझे यजमान तिथे कारकून म्हणून लागले आणि आम्ही भिलाईला आलो. आधी कॅम्प-१ मध्ये एका खोलीत राहिलो, मग सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. त्याच क्वार्टरमध्ये मला दिवस राहिले. परक्या मुलखात दुपार सरता सरत नसे, म्हणून मी कापूस घेऊन समईच्या वाती वळत बसे. बारशाला समई रात्रभर तेवत ठेवायची असं मनाशी ठरवलं होतं. लहानसा डबा गच्च भरला. मुलगा झाला, पण बारशापर्यंत राहिला नाही. आठवडाभराचाही नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस मला पान्हा फुटत राहिला. शेजारच्या शेवंताबाई येऊन माझी छाती आवळून बांधत आणि पाठीवरून हात फिरवत. माहेरून आणलेली दत्ताची तसबीर भिंतीवर होती तशीच राहिली, पण तिच्यापुढे मी दिवा लावणं बंद केलं. वातींचा डबा फळीवर मागे सरकवून ठेवला.

माझी ही दशा पाहून यांनी एक दिवस साइटवरून एक कुत्रीचं पिल्लू खिशात घालून आणलं. माती उपसणाऱ्या मशीनजवळ एकटंच ओरडत होतं म्हणे. मी म्हटलं, मुलाच्या जागी कुत्रं आणता होय? यांनी पिल्लू खाली ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. ते पिल्लू सरळ माझ्या पायावर येऊन झोपलं. रंगाने भुरकट, म्हणून तिचं नाव भुरी पडलं. अंगाने ती किरकोळच राहिली, पण माझ्यावर तिची सत्ता मोठी होती. मी रडायला लागले की पदर ओढून मला अंगणात नेई, आणि अंगणात गेल्यावर रडणं जरा अवघड होतं, कारण समोरून माणसं जात असत.

त्या क्वार्टरांविषयीही सांगायला हवं. एकाच साच्यातून काढल्यासारखी ती सगळी सारखी होती. तेच दार, तीच खिडकी, तेच कुंपणाचं फाटक. झाडं अजून गुडघ्याएवढीसुद्धा वाढली नव्हती, त्यामुळे खूण म्हणून काही नसे. नवीन माणूस हमखास चुकायचा, आणि जुनाही शिफ्टहून थकून आला की चुकायचा. एकदा एक गृहस्थ आमच्याकडे शिरले, खुंटीला शर्ट अडकवला आणि आतल्या दिशेने तोंड करून म्हणाले, "चाय मांड बरं लवकर." मी बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चहा मात्र मी त्यांना पाजूनच पाठवलं.

कार्तिकाच्या शेवटी भुरी व्याली. सहा पिल्लं झाली, तिच्या अंगाच्या मानाने फारच. शेवंताबाई हौसेने पुढे झाल्या. त्या नागपूरकडच्या, त्यांचे यजमान रेल्वेत. नागपूरच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आली होती आणि बाकीचे देव नदीत गेले होते. पण बाळंतिणीचे नियम काही नदीत गेले नव्हते. आम्ही दोघींनी भुरीचं बाळंतपण अगदी माहेरवाशिणीसारखं केलं. मागच्या खोलीचं दार-खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी, मऊ भात आणि वर तुपाची धार. भुरी सगळं मुकाट्याने करून घेई आणि पिल्लं दिवसभर तिला लुचत राहत. पिल्लांचे डोळे उघडले, ती लडबडत चालायला लागली, आणि मला वर्षभरात पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटू लागलं.

दत्तजयंतीच्या दिवशी दुपारी भुरी थरथरायला लागली. आधी नुसती धापा टाकत इकडून तिकडे फिरत होती, पिल्लांकडे बघेना. मग तिचे मागचे पाय ताठ झाले आणि ती एका कुशीवर पडली. तोंडातून लाळ गळत होती, सगळं अंग थडथड उडत होतं. हे कारखान्यात होते. मी शेवंताबाईंना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हिले हींव भरलं वं माय. बाळंतीन आहे, गारठा बाधला. शेगडी जवळ घे." मी शेगडी जवळ ओढली, तिच्यावर घोंगडं घातलं, वरून माझी शालही टाकली. आणि दूध आटू नये म्हणून पिल्लं उचलून तिच्या आचळाला लावली. जितकं जास्त करावं तितकी ती जास्त उडत होती. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, पण त्यांत ओळख राहिली नव्हती. माणसांच्या डॉक्टरांना कुत्रीसाठी बोलवायचं कोणाला सुचेना, आणि ढोरांचा डॉक्टर दुर्गला. तिथवर निरोप जाऊन माणूस येईपर्यंत ती राहणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं.

मी उठून पुढच्या खोलीत आले आणि तसबिरीसमोर उभी राहिले. हात जोडले नाहीत. मी म्हणाले, "पायाशी चार कुत्री बसवून घेतोस, मोठा मिरवतोस. ही पाचवी जड झाली का तुला? माझं तर नेलंसच. हिच्या लेकरांना तरी आई ठेव." वर्षभरानंतर त्याच्याशी बोलले ते असं. याला प्रार्थना म्हणायचं की भांडण, मला अजूनही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. सायकल टेकवून एक मध्यमवयीन गृहस्थ आत आले, पायातले जोडे काढले, आणि तसबीर पाहून वाकून नमस्कार केला. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाकी मंडळी आली नाही वाटते? पाळणा इथंच आहे ना?" पलीकडच्या रस्त्यावर एका साहेबांकडे दत्तजन्माचा पाळणा होता, हे गृहस्थ त्या घरासाठी निघाले होते आणि एक वळण आधी वळून आमच्याकडे शिरले होते. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्याऐवजी रडूच फुटलं. आतून शेवंताबाई ओरडल्या, "पाव्हने असो की कोनी असो, या इकडं, कुत्री मरून राहिली."

ते आत गेले, भुरीला पाहिलं, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे घोंगडं ओढून फेकलं. "शेगडी बाहेर न्या. खिडकी उघडा. ओला फडका आणा." शेवंताबाई म्हणाल्या, "हींव आहे तिले!" ते म्हणाले, "हींव नाही बाई, हात लावून पाहा, तापली किती. अंगातला चुना सगळा दुधात गेला हिच्या. गाईले होते तसं. मी जनावरांचाच डॉक्टर आहो." जवळच्या कुरुद गावात एका रावताची, म्हणजे तिकडच्या गवळ्याची, गाय व्याल्यावर बसली होती, तिला उठवून ते सरळ इकडे येत होते. सायकलच्या पिशवीत तिला दिलेल्या चुन्याच्या औषधाची एक बाटली उरली होती. त्यांनी भुरीच्या पुढच्या पायावरचे केस कापले, शिरेत सुई घातली आणि एक हात तिच्या छातीवर ठेवून अगदी थेंबाथेंबाने औषध सोडू लागले. काळजाचा ठोका चुकला तर थांबावं लागतं, म्हणाले. मी तिचं डोकं धरलं होतं. आधी तिच्या ओठांचं उडणं थांबलं, मग खांद्यांचं, मग पायांचं. तिने एक मोठा श्वास सोडला आणि माझा हात चाटला. शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी लगेच पिल्लं उचलून तिच्याजवळ न्यायला लागले, तर त्यांनी मला अडवलं. पिल्लं आज तिला लावायची नाहीत. प्यायली की पुन्हा हेच होईल. गाईचं कोमट दूध पाजायचं, पण माणसाच्या लेकरासारखं मांडीवर उताणं घेऊन नाही. पिल्लू पालथं ठेवायचं, मान जराशी वर, नाहीतर दूध छातीत जातं. आणि पाजून झालं की ओल्या फडक्याने मागून पुसायचं, आई चाटते तसं. मी ऐकत होते, पण माझं मन एकाच गोष्टीशी अडलं होतं. मी म्हणाले, "डॉक्टर, आईपासून लेकरं तोडायची?"

ते सुई पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तोडायची कावून? थोडा वेळ आपल्याकडं घ्यायची."

हे वाक्य त्यांनी पिल्लांविषयी म्हटलं, दुसऱ्या कशाविषयी नाही. माझ्याकडे काय झालं होतं ते त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण मी तिथे जमिनीवर बसून राहिले. वर्षभर ज्याला मी चोर म्हणत होते त्याच्याविषयी पहिल्यांदा मनात आलं, की तोडलं नसेल. आपल्याकडे घेतलं असेल. का, कशासाठी, हे आम्हाला भुरीइतकंच कळणार. तिलाही त्या संध्याकाळी वाटत असेल की माझी लेकरं नेली, आणि नेणारी मी होते, आणि मी तिची वैरीण नव्हते.

डॉक्टर चहासुद्धा न घेता गेले. पाळण्याची वेळ झाली होती. जाताना फाटकाशी थांबून म्हणाले, "मागच्या साली आलो होतो पाळण्याले, घर माहीत होतं. आज कसा चुकलो कोन जाने." एवढंच. शेवंताबाईंना मी म्हणाले, "दत्तानेच धाडले हो." त्या म्हणाल्या, "मले तुह्या दत्ताचं नाही माहीत. मानूस आला, अन् हातचं सोडून बसला. माह्यासाठी तेवढं पुष्कळ झालं." त्यांचंही काही चूक नव्हतं. ज्याच्या रूपाने यायचं त्याच्या रूपाने तो येतो. ते रूप शेवंताबाईंनी पाहिलं, आणि मीही तेच पाहिलं.

पिल्लांना पाजायचं कशाने हा प्रश्न आला. वाटीचमच्याने ती गुदमरत. तेव्हा मी फळीवरून तो डबा काढला. कापूस मऊ होता, हाताने वळलेला. चार-पाच वातींची जुडी दुधात भिजवून मलमलच्या चिंधीत गुंडाळली आणि पालथ्या पिल्लाच्या तोंडाशी धरली. त्याने ओढायला सुरुवात केली, इतक्या जोराने की बोटाला झटका बसला. शेवंताबाई मागून पुसून घेत होत्या आणि प्रत्येकाला नावं ठेवत होत्या. हा खादाड, ही आळशी. एकेक जुडी दुधाने चिकट होई की मी नवी घेई. हे कामावरून आले तेव्हा दारातच थांबले. माझ्या मांडीजवळ पिल्लं, हातात बारशाच्या वाती. त्यांनी शर्ट खुंटीला लावला आणि माझ्याशेजारी बसून एक पिल्लू घेतलं.

पुढे भुरीला दूध-भाकरी आणि डॉक्टरांनी दिलेली भुकटी देऊन हळूहळू पिल्लं परत लावली. सगळी जगली. त्यानंतर माझ्या आयुष्यात पुष्कळ काही आलं आणि गेलंही, पण जे जातं ते हिसकावलं गेलं असं म्हणायला माझी जीभ पुन्हा वळली नाही. मागणंही मी कमी केलं. खिडकी उघडी ठेवावी आणि घोंगडं ओढून घेऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. कोण कुठे वळेल हे त्याच्या हातात.

त्या संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरून पाळण्याचे सूर यायला लागले तेव्हा मी तसबिरीसमोर गेले. समई घासली, तेल घातलं. डबा उघडला तर एकही वात उरली नव्हती. मी तशीच अंधारात उभी राहिले. हात जोडून कपाळाला लावले, तर बोटांना दुधाचा वास येत होता.