एरंडेल पिणारी गाडी

रत्नागिरीत येऊन माझं घर विचारलंत ना, तर माणूस आधी हसेल आणि मग पत्ता सांगेल. का? ऐका तर. पण चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर धोतरावर सांडेल.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मी कचेरीत कारकून. संगमेश्वरच्या तात्यांची इंदू मला सांगून आली होती. पत्रिका जुळली, मुलगी पाहून झाली, आणि मी तर पार विरघळलो होतो! आता फक्त सुपारी फुटायची बाकी होती.

नेमकी त्याच सुमाराला मला फटफटी सापडली. कोण्या साहेबाने जाताना टाकून दिलेली, लढाईच्या आधीची. आमच्या ओळखीच्या बागाईतदाराच्या आंब्याच्या कलमांत पडली होती आणि तिच्या टाकीवर कोंबड्या झोपत. तो म्हणाला, "ने बाबा, तेवढीच जागा मोकळी होईल!"

मी ती बैलगाडीत घालून आणली आणि परसातल्या खोपीत ठेवली. ठरवलं, साहेबाने पेटीतून काढली तेव्हा होती, अगदी तश्शी करायची! गंज खरवडल्यावर खाली हिरवा रंग निघाला, तोच पुन्हा दिला. पितळ आमसुलाने घासून लखलखीत केलं. आणि टाकीवरची पट्टी पुसली, तर तीवर इंग्रजीत कोरलेलं, हिला फक्त एरंडेलच घाला!

हसू नका. त्या काळच्या गाड्या वंगण म्हणून खरोखर एरंडेल पीत. नुसत्या पीत नव्हत्या, पिऊन जाळून टाकत आणि पुन्हा मागत.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, दम भरला होता, "सुपारी फुटेपर्यंत या भुताची वाच्यता करशील तर याद राख! फटफटीवाल्याला मुलगी कोण देतो?"

झालं! पेठेतल्या वाण्याकडे गेलो आणि डबाभर एरंडेल मागितलं.

"डबाभर? कोनासाठी वो भाऊ?"

आता काय सांगणार? म्हटलं, "माझ्यासाठीच."

चार दिवसांनी पुन्हा गेलो. वाणी कळवळला. "अजून उतार नाय?"

"कुठला उतार! कितीही घाला, पुरत नाही."

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! रोज सकाळ-संध्याकाळ मी परसात. खोपीतून माझं कण्हणं-कुंथणं ऐकू यायचं, कारण लाथ मारून मारून जीव जायचा. आणि फटफटी एखाददा 'फाट्!' करून गप्प व्हायची. शेजारच्या मथूकाकी दुसऱ्या दिवसापासून पिकलेली पपई पाठवू लागल्या. मला वाटलं, केवढी ही माया! कचेरीत शिरस्तेदारांनी माझं मेज मागच्या दाराजवळ हलवलं. मला वाटलं, कामावर खूश होऊन वाऱ्याची जागा दिली!

आणि एके सकाळी तात्या अचानक दारात. अण्णा चहाचं सांगायला आत गेले, तसे तात्या माझ्याकडे सरकले. सभ्य माणूस, पोटाचं नाव तोंडातून निघेना. हळूच म्हणाले,

"वासुदेवराव, गाडी कशी आहे?"

मी चटकन खोपीकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं?"

"सगळी पेठ बोलते आहे."

मग लपवून काय उपयोग! "तात्या, मला ती साखरपुड्यालाच दाखवायची होती हो! सगळ्या मंडळींसमोर, अंगणात!"

तात्यांनी खांब धरला. "अंगणात?"

"मग! सगळ्यांनी बघायला नको?"

"आणि... एरंडेलाने काही फरक?"

"फरक म्हणजे! आता चार लाथा मारल्या की सुरू होते. अगदीच अडली तर मागून ढकलावं लागतं."

"कोण ढकलतं?"

"शेजारीपाजारी कोणी ना कोणी येईलच की! फक्त धूर फार सोडते. आणि इंदूने मुळीच घाबरू नये. सवय झाली की तिलाही मागे बसवीन!"

तात्या उठले. टोपी घेतली, छत्री घेतली, पायरीवर अण्णांना कसंबसं म्हणाले, "आधी मुलाच्या पोटाचं बघा. सोयरिकीचं मग बघू." आणि त्यांची बैलगाडी निघाली सुद्धा!

"त्यांनी गाडीचं विचारलं, मी सांगितलं," मी म्हटलं.

"शिंच्या!" अण्णा कडाडले. "ते पोटाचं विचारत होते रे!"

आणि मग एकदम सगळं उमगलं. पपई, मेज, वाणी, सगळं! डोळ्यांपुढे इंदू आली. लाज गेली चुलीत, मुलगी हातची चालली होती हो! धावत खोपीत गेलो, अंगातली होती नव्हती ताकद लावून लाथ मारली, आणि फटफटी प्रथमच अशी काही गरजली की मथूकाकी किंचाळल्या, "अगो बाई, गेला!"

कुवारबावपाशी बैलगाडी गाठली. मी तेलाने माखलेला, तांबड्या धुळीने रंगलेला, मागे धुराचा लोट. बैल बुजले.

"तात्या! ही बघा गाडी! एरंडेल ही पिते, मी नाही!"

तात्यांनी वाकून वास घेतला. मग असे हसू लागले की गाडीवानाला त्यांना धरावं लागलं. तिथेच रस्त्यात त्यांनी शब्द दिला. फटफटी मात्र तिथेच बंद पडली आणि त्यांच्याच बैलगाडीला बांधून घरी आली. ती वरात पेठेने पाहिली. वाणी म्हणाला, "बिचाऱ्यान् पोटाचं झाकायला येवढी फटफटी आनलान्!"

लग्न थाटात झालं. पंगतीत इंदूला नाव घ्यायचा आग्रह झाला. ती खाली मान घालून म्हणाली,

"फटफटी पिते एरंडेल, रस्ताभर सोडते धूर,
वासुदेवरावांचं नाव घेते, पोटाची चिंता दूर!"

मांडव हसून लोळला. मीही हसलो. म्हटलं, सुटलो एकदाचा!

तेवढ्यात शेजारच्या पाटावरचे, हेदवीहून आलेले इंदूचे म्हातारे मामा माझ्या कानाशी लागले. "जावईबापू, गाडी ठीक ना आता?"

किती आपुलकी! मी भरल्या मांडवात मोठ्याने म्हणालो, "कसली ठीक, मामा! काल सकाळपासून लाथा मारतोय, पण काही केल्या होतच नाही!"