मेलेलं खाणाऱ्याचं पत्रक

छातीवर ज्या जनावराचं नाव मिरवता, ते जेवतं काय, हे कधी विचारलंत का? अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरमध्ये वुल्व्हरिन हे विद्यापीठाच्या संघाचं चिन्ह, त्यामुळे अर्धं गाव त्याचा स्वेटशर्ट घालून फिरतं. बाळांच्या लाळेऱ्यावरसुद्धा तोच. जंगलात मात्र आमच्या राज्यात तो औषधालाही सापडत नाही.

मी पत्रकांवर वाढले. नागपूरच्या घरी रद्दी विकताना आई वर्तमानपत्रं द्यायची, चळवळीची पत्रकं नाही. त्यामुळे इथल्या बौद्ध घरांनी यंदा जयंतीला मुलांसाठी पत्रक काढायचं ठरवल्यावर ते माझ्याच गळ्यात पडलं. विषय मुलांनी निवडला: वुल्व्हरिन.

मी लिहिलं की हा पाणमांजराच्या भावकीतला, मध्यम कुत्र्याएवढा. पंजे इतके रुंद की भुसभुशीत बर्फातही रुतत नाही. हिवाळ्यात लांडग्यांनी टाकलेलं, बर्फाखाली गाडलं गेलेलं मढं हुंगून काढतो, गोठलेलं हाड दातांनी फोडतो, उरलेलं बर्फात पुरून ठेवतो. मादी खोल बर्फातच बीळ करून विते, म्हणून बर्फ लवकर वितळला की तिचं घरच जातं. वर मथळा दिला: ‘मेलेलं खातो, कोणाच्या बापाला भीत नाही.’

छपाई त्याच घरांतल्या एका काकांकडे होती. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. शनिवारी दुपारी त्यांच्या किचनमध्ये त्यांनी मजकूर वाचला. समोर त्यांची मुलगी सिरीयल खात होती.

“मथळा चेंज कर. ‘मांसाहारी आहे’ लिही.”

“काका, तो काही दुकानातून अर्धा किलो आणत नाही.”

काका हसले नाहीत. “माझ्या आजीने ते सोडलं. गावाने वाळीत टाकलं, तरी परत शिवली नाही. आणि तू तेच जयंतीच्या पत्रकावर छापणार? लोक ते आपल्याशी जोडतील, कळतंय ना?”

“जोडू देत. जनावराला जात नसते. लाज ज्यांनी खायला लावलं त्यांना वाटू दे.”

“भाषण हॉलमध्ये दे. इथे चहा घे.”

मुलीने चमचा खाली ठेवला. “वेट, व्हॉट डिड शी क्विट?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला पढवून आणलं होतं. मग गॅस बंद करून बसले आणि अर्ध्या इंग्रजीत सांगू लागले. गावातली मेलेली गुरं ओढायचं काम आपल्या लोकांवर लादलेलं, मजुरी म्हणून तेच मांस. एका सभेत सगळ्यांनी ठरवलं, आता बास. आजीच्या घरात दाणा नव्हता, तरी तिने सोडलं. पुढे पाटलाचा बैल मेला आणि तीन दिवस त्याच्याच दारात पडून राहिला. “सगळी पाटीलकी नाकाला पदर लावून,” म्हणताना काकांना स्वतःलाच हसू फुटलं.

मुलगी हसली नाही. “बट नोबडी फोर्स्ड द वुल्व्हरिन.”

“नाही बेटा. त्याचं ते जेवण आहे. आपल्यावर लादलं होतं.”

“हेच छापा ना,” मी म्हणाले.

काकांनी पेन घेऊन खाली लिहिलं: ‘त्याला कोणी भाग पाडत नाही. आपल्याला पाडलं होतं. आपण सोडलं.’ मथळाही ठेवला, फक्त त्यातला बाप काढला. “मुलांचं पत्रक आहे, यार.”

तर स्वेटशर्ट खुशाल घाला. पण आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा, त्यांच्या आजीने काय सोडलं ते विचारा, आणि पोरांना कळेल त्या भाषेत सांगा.