पाचव्या अध्यायातला मुक्काम

काकांचं बायबलवाचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायापुढे कधी गेलं नाही. सिल्वासात आमची मराठी उपासना भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचून काढणाऱ्यांना नाताळात शाल घालत. मलाही एकदा मिळाली. सत्कारानंतर मी होतो तसाच होतो, फक्त थोडा उबदार. काकांना कोणी विचारलं, "कुठवर आलात?" तर ते म्हणत, "मुक्काम तिथंच." म्हणून ते मुक्कामकाका.

ते नवापूरकडचे. नरोलीच्या सूतकारखान्यात धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर होते, आणि वाचायची रीतही त्यांनी तिथूनच उचललेली. "धागा तुटला की थांबायचं, गाठ मारायची, मग पुढं. तसंच गुंडाळत गेलं तर सुताचा कोन वरून भरलेला दिसतो, आत धागा तुटलेलाच, गुरुजी." गुरुजी म्हणजे मी, सरकारी शाळेत शिकवायचो. काका बायबलातली एक ओवी वाचत आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीकडे वळत नसत. भावाला वेडंवाकडं बोलू नये, हे वाचल्यावर ते कारखान्यात तोंडात लवंग धरून वावरू लागले. सुपरवायझरला वाटलं, दाढ दुखते.

त्याच्या पुढच्याच ओवीवर धागा तुटला. अर्पण घेऊन आलास आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असा तिचा अर्थ. काकांच्या मुलीनं ख्रिस्ती मंडळीबाहेर लग्न केलं होतं आणि काका तिला चारचौघांत म्हणाले होते, "तू मला मेलीस." ती जवळच्याच अथाल गावात नवऱ्याबरोबर एका खोलीत राहायची.

समेट झाला नव्हता, म्हणून उपासनेत प्रभुभोजनाचं ताट आलं की काका भाकरीला हात न लावता ते पुढं सरकवत. आमच्या पाळकांना ते बघवेना. एकदा ते म्हणाले, "काका, तिथं भाऊ लिहिलंय, मुलगी नाही. चला आता पुढं."

"भाऊ लिहिलंय म्हणून मुलगी सुटते का, पाळकसाहेब?"

पाळकसाहेबांनी घाईनं पुढचं गीत सांगितलं.

मीही शहाणपणा करून पाहिला. म्हटलं, पुढं लूकमध्ये घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आहे, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, तेवढी तरी वाचा. काका म्हणाले, "ऐकलीये. त्यात पोरगा येतो, बाप घरीच असतो. इथं मला जायचंय."

आणि ते गेले. दार वाजवलं तर आतून आवाज आला, "घरात कोणी नाही."

"मी आहे, पोरी. तुझा बाप."

"तुमची पोर तर मेली. तुम्हीच म्हणाले होते ना?"

हे त्यांनी परतल्यावर मला सांगितलं. मग म्हणाले, "आवाज बरा होता. सर्दी नव्हती."

मग दर रविवारी उपासना आटोपली की ते पायी अथालला जात. ती म्हणे, "घरात कोणी नाही." हे म्हणत, "बरं, येतो." अशी काही वर्षं गेली. काका वाकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने उभे राहिले, दार तेवढं उघडलं नाही. एका उन्हाळ्यात मात्र ती आतून म्हणाली, "घरात कोणी नाही. ऊन फार आहे, छत्री आणत जा."

पुढच्या रविवारी काकांनी नवी छत्री घेतली आणि साक्षीला असावं तसं मला बरोबर नेलं. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ते लोक तर रूम खाली करून गेले. टेम्पो आलेला. कुठे गेले ते नाय सांगितलं."

काकांनी तरीही दार वाजवलं.

"अहो काका, कुलूप नाय दिसत?"

"दिसतंय, बाई."

ते थोडा वेळ कान देऊन उभे राहिले. परतताना वाटेत म्हणाले, "आजवर 'कोणी नाही' म्हणायला तरी कोणी होतं." ऊन चटके देत होतं. छत्री त्यांनी उघडली नाही.

त्याच पावसाळ्यात त्यांनी कारखाना सोडला. नवापूरच्या एसटीत त्यांना बसवताना मी म्हटलं, "काका, आता तरी पुढचं वाचा."

"गाठ कशाला मारू, गुरुजी? दुसरं टोकच हाती नाही."

पुढं ते वारल्याचंच कळलं. त्या वर्षी मी शास्त्र पुन्हा एकदा संपूर्ण वाचून काढलं. नाताळात शाल मिळाली.