ग्लेनची तबकडी

कॅनडात, हॅमिल्टनच्या घरी बेसमेंटमधल्या कपाटात अरुणा आलेल्या भेटवस्तू ठेवायची. उघडायच्या नाहीत, नुसता वरचा कागद बदलून पुढच्या कार्यक्रमात चालत्या करायच्या. तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्याच बायका हे करत, बोलत मात्र कुणी नसे. शेजारच्या ग्लेननं ख्रिसमसला दिलेलं चपटं पुडकंही त्याच कपाटात गेलं आणि तिथून नीलिमाच्या वास्तुशांतीला.

मार्चमध्ये दारातला बर्फ फावड्यानं काढता काढता ग्लेननं विचारलं, "मग, ऐकलंस का गाणं?"

अरुणा गोंधळली. तोच सांगत गेला. उन्हाळ्यात टोमॅटोंना पाणी घालताना ती एक चाल गुणगुणत होती. माझा भाऊ कॉलेजात ही गिटारवर वाजवायचा, म्हणाली होती. साठच्या दशकातल्या एका इंग्लिश बँडच्या त्याच गाण्याची तबकडी ग्लेननं लग्नाआधी बायकोला दिली होती. बायको गेली, मुलांना त्याचं काही नाही. "तुला चाल येत होती, म्हणून तुझ्याकडे दिली."

"फार छान आहे," अरुणा बोलून गेली.

"ईस्टरच्या रविवारी रेकॉर्ड प्लेयर घेऊन येतो. एकदा बरोबर ऐकू."

तिनं लगेच नीलिमाला फोन लावला.

"ते होय? मला वाटलं कॅलेंडर असेल. हळदीकुंकवाच्या लकी ड्रॉमध्ये लावलं बाई. कुणाला लागलं, कोण जाणे."

"न उघडता?"

"तू उघडलं होतंस?"

अरुणाचा नवरा प्रताप हसला. "ऑनलाइन ढीगभर मिळतात. मागव एक. म्हाताऱ्याला काय कळतंय!"

तिनं मागवली. हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं, ग्लेनची तबकडी कशी दिसत होती हेच तिला माहीत नाही. तरी तिनं ती कपाटात ठेवली.

रविवारी ग्लेन इस्त्रीचा शर्ट घालून आला. तबकडी त्यानं उलटसुलट केली. मधल्या गोल कागदावरून त्याचा अंगठा काही शोधत असल्यासारखा हळूहळू फिरला, एका जागी थांबला, पुन्हा फिरला. त्यानं अरुणाकडे पाहिलं नाही. सुई टेकवली. भावाचीच चाल होती ती. अरुणा चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. मान वर होईना. त्यानं विचारावं, ओरडावं, असं तिला वाटत होतं.

गाणं संपलं. ग्लेननं तबकडी नीट पाकिटात घातली आणि तिच्यापुढे धरली.

"छान जपली आहेस," तो म्हणाला.

अरुणानं ट्रे खाली ठेवला आणि तबकडी घेतली. खरं सांगायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं, "थँक यू."